गडद रंगाची स्लाइड

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. लेकीला नाही. जिच्यापाशी सासूपासून गुडघेदुखीपर्यंत काहीच लपवलं नाही, त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही — म्हणजे इथंही मी आपली सोयच बघितली. ती सवय माझी जुनी आहे, पुढं तुमच्या लक्षात येईलच.

मी नांदेडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात एक माजी विद्यार्थी — आता तो स्वतःच प्राध्यापक आहे — माइक हातात घेऊन म्हणाला, "मॅडमच्या हाताखालचा एकही पोरगा स्लाइडच्या प्रश्नात कधी अडकला नाही." टाळ्या पडल्या. मी अंगावरची शाल सावरली आणि हसले. आपण काय बोलतोय हे त्याला कळत होतं का? कळत असणारच. परीक्षेला त्याच्याही मायक्रोस्कोपखाली माझीच स्लाइड होती.

थांबा. असं एकदम सांगितलं तर तुम्हाला काही कळायचं नाही. आधी स्लाइडचं सांगते.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या परीक्षेत कांद्याच्या मुळाची स्लाइड करावी लागे. कांदा बाटलीच्या तोंडावर असा ठेवायचा की त्याचा बुडखा पाण्याला टेकेल. काही दिवसांत पांढरी मुळं फुटतात. मुळाचं टोक कापायचं, अ‍ॅसिडमध्ये मऊ करायचं, लाल रंगात मुरू द्यायचं. मग काचेवर घेऊन वर पातळ काच ठेवायची आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकानं हलक्या टिचक्या मारत पेशी पसरवायच्या. जमलं तर मायक्रोस्कोपखाली एका पेशीच्या दोन होताना दिसतात — गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी, किंवा दोन्ही टोकांकडं ओढली जाताना. नाही जमलं तर नुसता लाल चिखल.

याला हात लागतो. माझा हात होता. सगळ्या विभागात माझ्यासारखी स्लाइड कुणाची होत नसे, आणि हे लोकांनी म्हटलेलं मला आवडायचं.

आता आमच्याकडचा एप्रिल तुम्हाला सांगायला नको. एका वर्षी परीक्षेच्या आदल्या दिवशी लॅबमधले सगळे कांदे सडले. मुळं पिवळी, लिबलिबीत. वासानं खोलीत उभं राहवेना. पोरं रडकुंडीला आली. किनवटकडची हॉस्टेलवर राहणारी दोन पोरं तर म्हणाली, मॅडम, आम्ही फेल झालो तर घरचे शिकवायचंच बंद करतील. मला दया आली. खरंच आली — तेवढं तरी खरं होतं. घरी माझ्या खिडकीत दोन कांदे नीट फुटलेले होते. परीक्षेच्या दिवशी सकाळी लवकर जाऊन मी सगळ्यांपुरत्या स्लाइड केल्या, ओल्या टीपकागदावर एका ट्रेमध्ये झाकून ठेवल्या. आमचे लॅबमधले मदतनीस माणिकमामा. खांद्यावर फडकं टाकून ते टेबलांमधून फिरायचे, बाटल्यांत पाणी भरायचे. पाणी भरता भरता ते स्लाइड बदलून गेले. बाहेरून आलेल्या परीक्षकांना पत्ता लागला नाही. किंवा लागला असेल — पण त्यांच्याही कॉलेजात पुढच्या आठवड्यात आमच्यातलंच कुणीतरी परीक्षक म्हणून जाणार होतं. समजून घ्यायची पद्धतच होती.

त्या वर्षापुरतं होतं ते. पण पुढच्या वर्षी कांदे सडले नाहीत, तरी मी ट्रे भरला. का? निकाल चांगला लागला होता, प्राचार्य खूश होते, आणि पोरं मला देव मानायला लागली होती. मग ती रीतच पडली. हळूहळू पोरांनी करून बघणंही सोडलं. दोन टिचक्या मारायच्या आणि मामांची वाट बघत बसायचं. शिकवणारी मी — आणि मीच त्यांना न शिकण्याची सवय लावली. पण मला जे सांगायचंय ते हे नाही. हे सांगायला फारशी शरम वाटत नाही बघा, म्हणून तर एवढं भरभर सांगून झालं.

शुभांगीचं सांगायचंय.

शुभांगी मुदखेडकडची. घरी फुलांची शेती. वडील सकाळी मार्केटला फुलं घेऊन निघायचे आणि ही पोरगी नांदेडची गाडी पकडायची. केसांना, दप्तराला कायम झेंडूचा वास. वर्गात फार बोलायची नाही. पण मायक्रोस्कोपवर बसली की उठायची नाही. कॉलेज सुटल्यावरही मागच्या टेबलावर टिचक्यांचा आवाज चालूच. पहिले कितीतरी दिवस तिचा लाल चिखलच व्हायचा. मी म्हणायचे, "घाई नको करू गं. रंग भरू दे आधी." मग एके दिवशी तिला जमलं. तेव्हापासून तिचं एकच — "मॅडम, बघा ना, कशी झालीय?" मी वाकून बघायचे आणि म्हणायचे, छान झालीय. दुसरं काही म्हणण्यासारखं नसायचंच. खरं सांगू? शेवटी शेवटी तिची स्लाइड माझ्यापेक्षा चांगली व्हायला लागली होती. त्याचा मला आनंद झाला का? झाला असं मी तेव्हा समजत होते. आता मला खात्री नाही.

तिला एम.एस्सी. करायचं होतं. विद्यापीठात जागा थोड्या, गुणांवर प्रवेश. घरून एवढंच ठरलेलं — नंबर लागला तर शिक, नाही लागला तर स्थळं बघू. हे मला ठाऊक होतं. तिनंच सांगितलं होतं, बाटल्या धुता धुता.

त्या वर्षी परीक्षक लातूरहून आले. नवीन गृहस्थ. आमच्याकडं पहिल्यांदाच. चहा-भजी बाजूला सारून म्हणाले, "आधी काम करू." पण ट्रे भरून झाला होता आणि मामा फिरायला लागले होते.

शुभांगीनं त्या दिवशी घरून स्वतःचा कांदा आणला होता. लॅबमधल्या कांद्यांवर तिचा भरवसा नव्हता. बाटलीवरचा कांदा हलू नये म्हणून सकाळच्या गाडीत ती मांडीवर घेऊन बसली होती म्हणे, सगळा डबा हसत होता. आल्या आल्या तिनं टोक कापलं, अ‍ॅसिडमधून काढलं, रंगात टाकलं, आणि तोवर बाकीचे प्रश्न लिहीत बसली. मामा तिच्या टेबलापाशी गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "नको मामा. माझी व्हतीय." मामा माझ्याकडं बघून हसले आणि पुढं गेले.

थोड्या वेळानं तिनं मला खुणेनं बोलावलं. परीक्षक तेव्हा पलीकडच्या टेबलावर होते. "मॅडम, बघा ना, कशी झालीय?" मी वाकून डोळा लावला. गुणसूत्रं दोन्ही टोकांकडं निघालेली, प्रत्येक वेगळं मोजून घ्यावं इतकं स्वच्छ. रंग गडद, भरलेला. मी शिकवला होता तसाच. "छान झालीय," मी कुजबुजले.

हे नीट लक्षात ठेवा — मी बघितलं होतं. तिची स्लाइड तिनंच केलेली, हे मला जितकं ठाऊक होतं तितकं त्या खोलीत दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं.

परीक्षक एकेक मायक्रोस्कोप बघत आले. छान, छान म्हणत आले. शुभांगीपाशी थांबले. बराच वेळ डोळा लावून बसले. मग मागं दोन टेबलं जाऊन पुन्हा बघून आले. मला वाटलं, आता शाबासकी देतील.

"मॅडम," ते म्हणाले, "बाकी सगळ्यांच्या स्लाइडचा रंग सारखा आहे. एका बाटलीतला, एका दमातला. हिचाच गडद. ही स्लाइड इथं बनलेली नाही."

आलं लक्षात? बाकी सगळ्या सारख्या होत्या, कारण त्या सगळ्या एका हातच्या होत्या — माझ्या. खोट्या इतक्या होत्या की त्याच खऱ्या दिसत होत्या. आणि एक वेगळी होती, म्हणून ती खोटी.

त्यांनी तिला विचारलं, कुठून आणली? ती म्हणाली, सर, मीच केली. कांदाही घरून आणलाय. ते म्हणाले, कांदा घरून आणला, तर स्लाइडही घरूनच आणली असणार. बाटलीवरचा तो कांदा तिथंच टेबलावर होता. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "मॅडमनी बघितलंय, सर."

मी परीक्षेच्या कागदांत डोकं घातलं. कागद सरळच होते. मी ते पुन्हा सरळ केले.

अजूनही वेळ गेली नव्हती. तुम्ही म्हणाल, माणूस घाबरतो, तोंडून शब्द फुटत नाही, असं होतं. पण तसं झालं नाही हो. शुभांगीच म्हणाली, "सर, मी परत करून दाखवते. आत्ता. तुमच्यासमोर." आणि ते गृहस्थ वाईट नव्हते. ते घुटमळले. माझ्या जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "काय करायचं, मॅडम? संधी द्यायची तर मग सगळ्यांनाच पुन्हा करायला लावावं लागेल. एकटीला कसं देता येईल?"

सगळ्यांना.

मी खोलीभर नजर फिरवली. सगळी पोरं माझ्याकडंच बघत होती. मामांच्या हातातली पाण्याची बाटली तशीच. यातल्या किती जणांना येणार होतं? एकालाही नाही. लाल चिखलांची रांग लागली असती, आणि त्या रांगेत एकच स्लाइड उभी राहिली असती — तिची. तिचं खरं निघालं असतं. आणि माझं सगळं उघड्यावर आलं असतं.

"नको, सर," मी म्हणाले. "वेळ नाही. पुढची बॅच बाहेर उभी आहे. मुलगी तशी हुशार आहे. मोह झाला असेल."

मोह झाला असेल. मी हे म्हणाले. माझ्या तोंडानं, शांतपणे, समजूतदार आवाजात. तिला ऐकू जाईल एवढ्या अंतरावर.

माझी नोकरी तेव्हा पक्की होती. मला कुणी काढून टाकणार नव्हतं. फार तर चौकशी झाली असती, चार लोक बोलले असते, प्राचार्यांनी खोलीत बोलावून झापलं असतं. पोरांचं नुकसान होऊ नये म्हणून बोलले, असंही मी कितीदा स्वतःला सांगून पाहिलं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात पोरं नव्हती. लोक म्हणतात ना, मॅडमचा हात — तो हात वाचवायचा होता मला.

त्यांनी त्या प्रश्नाला शून्य दिलं. तोंडी परीक्षेत तिनं सगळी उत्तरं दिली, तरी गुण हात राखूनच पडले. ती पास झाली. पण एम.एस्सी.चा नंबर हुकला. थोडक्यात हुकला, हे मी विभागात लावलेल्या प्रवेशाच्या यादीत स्वतः पाहिलं आणि तिथून चहाला गेले. मुदखेडच्या गाडीनं येणाऱ्या पोरींनी बातमी तिच्याआधी गावात पोचवली होती — शुभांगीनं कॉपी केली. ज्यांच्या मायक्रोस्कोपखाली माझी स्लाइड होती, त्याच पोरी. पण त्यांना मी कोणत्या तोंडानं नावं ठेवू?

आणि पुढच्या वर्षी? मी पुन्हा ट्रे भरला. एवढंच केलं की रंग कमी-जास्त ठेवला, सगळ्या सारख्या दिसू नयेत म्हणून. त्या दिवसातून मी काही शिकले असेन तर ते हे.

हे इथंच संपलं असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. भित्रेपणा होता, झाला, वर्षं गेली. पण माझी लेक लातूरला दिलेली आहे. मागच्या वर्षी तिच्याकडं गेले असताना ताप आला. उतरेना. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. लेकीनं ऑटोतून जवळच्या लॅबमध्ये नेऊन सोडलं आणि ती शाळेतून मुलीला आणायला गेली. आतून पांढरा कोट घातलेली बाई आली, माझ्या दंडाला पट्टी बांधली, आणि थांबली.

"मॅडम? वळखलं न्हाई का? मी शुभांगी. मुदखेडची."

ताप होता म्हणून मी बसलेली होते, नाहीतर उठून गेले असते. ती हसत होती. खरंच हसत होती. सुई इतकी हलकी टोचली की मला कळलीसुद्धा नाही. आतल्या पोराला हाक मारून म्हणाली, "अरे, चहा सांग. ह्या माझ्या मॅडम हायेत. ह्यांच्यामुळं मी इथं हाय."

पोरगा चहा सांगायला गेला. तीच बोलत राहिली. नंबर लागला नाही, मग लग्न झालं, लातूरला आली. सासरचे बरे निघाले, लॅबचा कोर्स करू दिला. "मला तुमच्यासारखं कॉलेजात शिकवायचं व्हतं, पण ते ऱ्हायलं," ती म्हणाली, आणि मग आवाज खाली करून, "मॅडम, त्या दिवसाचं मी विसरले न्हाई. ते सर तर मला फेलच करणार व्हते. तुम्ही शब्द टाकला म्हणून पास झाले. मोह झाला म्हणालात ते तेव्हा लागलं व्हतं, पण ते सरांना शांत करायला व्हतं, असं माणिकमामांनी सांगितलं मला. मी बाहेर रडत बसले व्हते ना, तेव्हा."

माणिकमामा. बिचाऱ्यांना रडणारी पोरगी बघवली नसेल. तिला काहीतरी द्यावं म्हणून त्यांनी तिच्या बाजूनं बोलणारी मॅडम देऊन टाकली. मामा आता नाहीत. त्यांचं खोटं दयेपोटी होतं. ते तिनं इतकी वर्षं सांभाळलं.

"गावात तेवढं नाव गेलं बघा," ती म्हणाली. "भाऊ अजून चिडवतो. नवराबी कधी कधी गमतीनं कॉपीवाली म्हणतो. मी काय म्हणणार? माझ्या बाजूनं कोण हाय सांगायला? पण तुम्हाला तरी खरं ठाऊक हाय, तेवढ्यावर मी..." तिनं वाक्य सोडून दिलं आणि बाटलीला चिठ्ठी चिकटवली.

आता तरी? आता तर मी निवृत्त. ट्रे नाही, परीक्षक नाही, प्राचार्य नाहीत. तिच्या नवऱ्याला, भावाला, कुणालाही सांगायला एक वाक्य पुरलं असतं. निदान तिला तरी सांगायचं — बाई गं, मी शब्द टाकला नाही. मी तुलाच टाकलं. दुसऱ्या कशासाठी नाही, तर ती मला चुकीचा मान देत होती म्हणून तरी.

मी म्हणाले, "अगं, त्यात काय एवढं."

असं म्हणाले मी. उपकार स्वीकारावेत तसे स्वीकारले. पहिल्या वेळी घाबरले होते, असं कुणी म्हणू शकेल. या वेळी भीती कसली होती? कसलीच नव्हती. ती मला चांगलं म्हणत होती आणि मला ते ऐकत राहायचं होतं, एवढंच.

शेवटी सगळं चांगलंच झालं की, तिचं तिचं बरं चाललंय — हेही मी स्वतःशी बोलून पाहिलंय. रात्री नीट झोप लागते या वाक्यानं. म्हणूनच ते खरं नसावं.

चहा यायचा होता. तिनं माझ्या रक्ताचा थेंब काचेवर घेतला, दुसऱ्या काचेनं एका झटक्यात पसरला, वाळवला, रंग घातला. घाई केली नाही, रंग भरू दिला. मग मायक्रोस्कोपपाशी बसली, चाक फिरवलं, पुन्हा फिरवलं. आणि स्टूल माझ्यासाठी रिकामं करून बाजूला उभी राहिली.

"मॅडम, बघा ना, कशी झालीय?"

मी चष्मा काढला आणि डोळा लावला. पेशींचा एकच थर, कुठं गर्दी नाही, प्रत्येक वेगळी.

"छान झालीय," मी म्हणाले. खोलीत तेव्हा आम्ही दोघीच होतो.